भिंगरीच्या गळ्यातली घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. कैनाड गावच्या बायजीने मला तलासरीच्या बाजारातून बकरीसाठी आणले आणि बांधले मात्र भिंगरीच्या गळ्यात. भिंगरी म्हणजे तिची तांबूस कुत्री.

गावाच्या वर जुने जंगल आहे. तिथली झाडे दोन माणसांच्या कवेत मावत नाहीत. बायजी तिथे कंद आणायला जाई. भिंगरी पुढे, बायजी मागे आणि मधे माझा आवाज. मी सावकाश वाजले, तर कुत्री चालते आहे. घाईने वाजले, तर कशाच्या तरी मागे धावते आहे. एकाच जागी वाजत राहिले, तर अडकली आहे. बायजीने तिला दोनदा अशीच काटेरी जाळीतून सोडवली होती. "घंटी नाय, माझा कान आहे हा," ती म्हणायची. मला अभिमान वाटे.

२०१७ च्या हिवाळ्यात बोर्डीची निलम आली. नुकतीच बी.एस्सी. झालेली. जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारे पक्षी ती मोजत होती. माझ्या आवाजाने ते उडून जात.

"आजी, घंटी काढू या?"

"कागदावर बसव तुझी पाखरं. तिथून नाय उडायची."

"तासभरच, आजी."

बायजीला ही पोर आवडत होती. तिने स्वतः गाठ सोडली. निलमने मला मोज्यात गुंडाळून पिशवीत ठेवले.

त्या तासात तिने एकोणीस पक्षी मोजले. मग हाका मारल्या, पण भिंगरी आली नाही. बायजी सवयीने कान देऊन उभी राहिली. "कुठल्या बाजूला जाऊ गं?" तिने विचारले. हे तिला कधी कुणाला विचारावे लागले नव्हते.

तिसऱ्या दिवशी भिंगरी नाल्यापलीकडे सापडली. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात गळा अडकून मेलेली. भोवतीची माती गोल उकरलेली होती. मला जिथे सोडले होते, तिथपर्यंत निलमने पावले मोजली. तीनशे चाळीस. माझा आवाज याहून लांब जातो.

"आजी, चूक माझी आहे."

"गाठ मी सोडली," बायजी म्हणाली.

निलमच्या वहीत एकोणीस या आकड्यापुढे लिहिले आहे : घंटी काढली होती.

मित्रांनो, रानात मुक्या जिवाला सोबत न्याल, तर त्याची खूण त्याच्याजवळ राहू द्या. थोड्या वेळासाठीही काढू नका.

आता मी बायजीच्या ओटीवर खांबाला टांगलेली आहे. वारा आला की एकाच जागी वाजत राहते. आणि बायजी हातातले काम टाकून उठते.