तेरावं प्रकरण

मी विनोदी बाई नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण जबलपूरचे अर्धे मराठी लोक मला विनोदी समजतात आणि उरलेले अर्धे बिचारी समजतात. दोघांच्याही तोंडी लागायची मला हौस नाही. मी हेमलता चिंचोळकर, वय एकाहत्तर, राहणार रांझी. आमचे हे, मुरलीधर चिंचोळकर, फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये क्लार्क होते. जिवंत होते तोवर गल्लीतला दूधवाला सोडला तर ह्यांना कोणी ओळखत नव्हतं. गेल्यावर दोन वर्षांनी ह्यांची कादंबरी छापून आली, 'उद्या नागपूर'. आता पार कुंडम गावच्या शाळेतला मास्तरसुद्धा मला पाहून म्हणतो, "अरे, आप वही काकू हैं ना?"

हो बाबा, तीच.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. जबलपूरचा एक स्टोअरकीपर आहे. हिंदीत राहून राहून आपलं मराठी बुडालं, आता नागपूरला जाऊन आपल्या माणसांत राहायचं, असं त्याच्या डोक्यात बसतं. दर रविवारी पेटी भरतो. दर रविवारी बायको काहीतरी काम काढते. कधी सिलेंडर, कधी दळण, कधी मावसनणंदेचं डोहाळजेवण. पेटी पुन्हा पलंगाखाली जाते. लोक हसून हसून बेजार होतात. बाराव्या प्रकरणात तो एकदाचा स्टेशनवर पोचतो, गाडीत बसतो. आणि चौदाव्या प्रकरणात घरी ओट्याशी बसून तांदूळ निवडून राहिला आहे. मधलं तेरावं नाही. चौदावं सुरू होतं ते असं : "मागच्या प्रकरणात काय झालं ते आमच्या घरात एकीलाच ठाऊक आहे. तिला विचारा."

ह्या एका ओळीवरून काय तमाशे झाले, काय सांगू! एका प्रोफेसरांनी बारा पानांचा लेख लिहिला की ती गाळलेली जागाच कादंबरीचा प्राण आहे. आमच्या मराठी मंडळातली मनीषा दिघे म्हणते, प्राण कसला, माणूस आळशी होता, अर्धवट सोडून गेला, आणि वरून बायकांची बदनामी. तिनं पंचवीस बायकांच्या सह्या गोळा केल्या होत्या पुस्तकाविरुद्ध. माझ्याकडेही आली सही मागायला. एका मुलीची लग्नाची बोलणी ह्यावरून फिसकटली, मुलाकडचे म्हणाले पुस्तक घाणेरडं आहे. दहा वर्षं झाली, भांडण संपत नाही. मंडळात वाचन असलं की दिघे मंडळी शेजारच्या खोलीत मुद्दाम भजन लावतात.

वाचन दरवर्षी असतं, संक्रांतीनंतरच्या रविवारी. पहिल्या वर्षी मी पुस्तक वाचलेलं नव्हतं. माझी मुलगी सुमेधा, बँकेत आहे, तिनंच बापाच्या कपाटातले कागद जमवले, टाइप केले, गोहलपूरच्या एका प्रेसमधून छापून आणले. मी तिला म्हटलं होतं, माझ्यावर हसायला लोक कमी पडून राहिले का? पण मंडळात पुढच्या रांगेत बसावं लागलं. अमेय म्हणून एक मुलगा वाचत होता. तो त्या ओळीवर आला, "तिला विचारा" म्हणाला, आणि सगळा हॉल माझ्याकडे वळला. "काकू, सांगा ना! काय झालं तेराव्यात?"

ती ओळ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आणि मला ठाऊक होतं. तेरावं प्रकरण कुठं आहे ते मला त्याच क्षणी कळलं. मी कशीबशी बोलले, "मी नाही सांगणार." अख्खा हॉल हसत सुटला. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. तेव्हापासून रीतच पडली. दरवर्षी अमेय ती ओळ वाचतो, दरवर्षी लोक वळतात, मी म्हणते "नाही सांगणार," टाळ्या पडतात, मग तिळगूळ.

आता ऐका, ते कुठं होतं.

दिवाळीच्या आधी फळ्यांवरचे कागद बदलायचे असतात. त्या वर्षी घरात वर्तमानपत्रं नव्हती, रद्दीवाला घेऊन गेला होता. ह्यांच्या टेबलावर गठ्ठा होता. फॅक्टरीतले रद्द झालेले फॉर्म घरी आणायचे, त्यांच्या पाठीमागे लिहीत बसायचे. जाड, करकरीत कागद. वरचे सात उचलले आणि स्वयंपाकघरातल्या मधल्या फळीवर एकाला एक लावून अंथरले. अक्षर ह्यांचं आहे हे मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू? दिसत होतं म्हणूनच उचलले. राग होता मला. सदतीस वर्षं संसार केला, घरात माणूस बोलायचा नाही आणि कागदावर पानंच्या पानं. लग्न झालं तेव्हा सांगायचे हो काहीबाही गमती. मी म्हणायची, ते राहू द्या, आधी तो पिठाचा डबा काढून द्या. मग हळूहळू बंदच झालं ते.

हे पाणी प्यायला आत आले. फळीकडे बघत उभे राहिले.

मी म्हटलं, "काय पाहून राहिले? डबे चढवायला हात लावा."

ह्यांनी डबे चढवले. तूरडाळ, साखर, पोहे, मोठे पितळी डबे, एकेक उचलून आपल्याच अक्षरांवर ठेवले. नीट सरळ केले. म्हणाले, "छान बसले." आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर गेले.

पुढच्या आषाढात हे वारले. मध्ये आठ-नऊ महिने होते. त्या महिन्यांत चौदावं प्रकरण लिहिलं, पुढची सगळी लिहिली, आणि तेरावं पुन्हा लिहिलं नाही. लिहिता आलं असतं की. पण नाही. तिला विचारा म्हणाले. म्हणजे हे वाट पाहत होते! रोज जेवायला बसायचे त्या फळीसमोर, मी डबा हलवीन, खाली बघीन, दोन ओळी वाचीन, काहीतरी बोलेन म्हणून. आणि मी डबा जागेवर ठेवून वाटीनं डाळ काढायची, आणि दर शनिवारी ओल्या फडक्यानं फळी पुसायची. ह्यांच्यासमोर पुसायची.

पहिल्या वाचनानंतर घरी येऊन डबे उचलायला हवे होते. नाही झाली हिंमत. हे गेल्यावर दिवाळीला कागद बदलणं राहूनच गेलं होतं, आता फळी पुसणंही सोडलं. लोकांना वाटतं ते कोडं गमतीचं आहे. माझ्यासाठी एकच प्रश्न होता : तो माणूस गाडीत बसला होता, मग परत काहून आला? बायकोसाठी आला, की पेटी विसरली म्हणून आला, की कुठं जायचा दमच नव्हता म्हणून? त्यात माझ्या सदतीस वर्षांचा निकाल लिहिला होता. आणि तो वाईट निघाला तर मी ह्या वयात कुठं जाऊ?

ह्या वर्षी दहावी आवृत्ती निघायची आहे. आता पुस्तक नागपूरचा प्रकाशक काढतो, त्याच्याकडून दीप्ती नावाची मुलगी आली, तिशीची असेल. चहा घेताना म्हणाली, "काकू, तेरावं खरंच नाहीये का?" मी म्हटलं, "नाही सांगणार." ती हसली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "माझे बाबा पण एकदा असेच पेटी घेऊन निघाले होते. ते परत नाही आले. म्हणून मला कळायचं होतं, हा कसा आला."

बस लागायची वेळ झाली म्हणून ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल ओढलं आणि डबे उतरवले.

शाई सगळी गेली होती. ह्यांचं ते शाईचं पेन, निळी शाई. फडक्यानं पुसून पुसून कागद नुसता निळसर झाला होता, वर हळदीचे डाग, तेलाचे डाग. फक्त डब्यांच्या बुडाखाली, जिथं फडकं पोचलं नव्हतं, तिथं तीन गोल राहिले होते. चष्मा पुसून वाचलं.

तूरडाळीखाली : "शिट्टी झाली. पेटी वरच्या बर्थवर, मी खिडकीशी. आणि एकदम आठवलं की". पुढं काही नाही.

साखरेखाली : "नागपूरला सगळं मिळेल, एवढं सोडून".

पोह्यांखाली : "हसताना तिच्या डाव्या गालावर".

बस. डाव्या गालावर काय? मी तो कागद उजेडाला धरला, उलटा केला, पाठीमागे फॅक्टरीचा शिक्का होता. डाव्या गालावर काय, अहो? बोला ना! स्वयंपाकघरात मी मोठ्यानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मला ह्यांचं पुढचं वाक्य ऐकायचं होतं, आणि ते मीच पुसून बसले होते.

रविवारी वाचन होतं. मी ठरवून गेले. पुरे झाला तमाशा, आता खरं सांगायचं. अमेयनं ओळ वाचली. "तिला विचारा." हॉल वळला. शेजारच्या खोलीत दिघेबाईंचं भजन रंगात होतं. मी उभी राहिले. माइक हातात घेतला.

म्हटलं, "सांगते. तेरावं प्रकरण मी डाळीच्या डब्याखाली घातलं. फळीवर अंथरलं. आणि दर शनिवारी ओल्या फडक्यानं पुसलं. तुम्हाला काय वाटलं, त्यांनी ते गाळलं? मी नासवलं. मीच."

असा हशा उठला की पलीकडचं भजन थांबलं. एक म्हातारे गृहस्थ रुमालानं डोळे पुसून राहिले होते. कोणी ओरडलं, "वाह काकू! दहा साल बाद!" मी माइकमध्ये म्हणत होते, "अहो, खरं सांगते, खरं आहे ते," तसतसे ते जास्तच हसत होते. मनीषा दिघे दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघून तीसुद्धा हसली. दहा वर्षांत त्या पुस्तकावर दोन्ही बाजू एकत्र हसल्या त्या तेव्हाच.

सुमेधा मला स्कूटरवरून घरी घेऊन आली. रस्ताभर हसत होती. "आई, डाळीच्या डब्याखाली! काय सुचलं गं तुला! बाबा असते ना, तर खूश झाले असते."

मी तिला स्वयंपाकघरात घेऊन गेले नाही. जीवच नव्हता राहिला दाखवायचा. दारात चपला काढता काढता एवढंच विचारलं, "सुमे, मी हसले की डाव्या गालावर काय होतं?"

ती हेल्मेट काढत होती. माझ्या तोंडाकडे जरा निरखून पाहिलं तिनं. "मला काय माहीत? तू हसतेस कधी? बाबांना ठाऊक असेल तर असेल."

एवढं बोलून ती चहा टाकायला गेली.

मी बाथरूमचं दार लावून घेतलं. आरशासमोर उभी राहिले आणि हसायचा प्रयत्न केला. ओठ ताणले, गाल वर केले, डावा गाल उजेडाकडे वळवला. पुन्हा केलं. पुन्हा केलं. बाहेरून सुमेधा साखरेचा डबा कुठं आहे म्हणून विचारून राहिली होती. आरशात नुसते दात दिसत होते, तेही कवळीचे.