उशीखालचं लोखंड

आमच्या घरी माझ्या यंत्राला कुणी यंत्र म्हणत नाही, टकटकी म्हणतात. मी अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि सुट्टीत गावोगाव फिरून विहिरी, शेतं, रस्ते यांच्याजवळचा किरणोत्सर्ग मोजते. थोडासा तो सगळीकडेच असतो, मातीत, दगडात, घराच्या विटांतसुद्धा. आईला हे दहादा सांगून झालं. तिचं आपलं एकच, "लग्नाचं सोडून भलतंच मोजत फिरून राहिली ही पोरगी."

त्या दुपारी परतवाड्याजवळच्या आमच्या मळ्यात पोचले तेव्हा मी आधीच वैतागलेली होते. जीपमध्ये चौघांच्या जागेत सात जण कोंबले होते. यंत्र चालूच राहिलं होतं. ओसरीवर मिनिटाला वीस-बावीस ठोके, म्हणजे नेहमीचेच. पाणी प्यायला आत गेले आणि टकटक दाट झाली.

"बिघडली वाटते तुयी टकटकी," माझा भाऊ मनोज हसला.

मलाही तसंच वाटलं. दोन चापट्या मारल्या, बॅटरी काढून पुन्हा घातली. तेच. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी गेले तर ठोके सुटे ऐकूच येईनात, नुसती सलग घरघर. 

आत माझी धाकटी बहीण दीपमाला अठरा दिवसांच्या बाळाला कुशीत घेऊन पडली होती. मी यंत्र पुढे केलं. आकडा चढत गेला आणि बाळाच्या उशीपाशी यंत्राची मोजायची ताकदच संपली.

"उशीखाली काय हाय?" मी किंचाळलेच.

"लोखंड," दारातून आई म्हणाली. "लेकराले बाहेरची बाधा होऊ नाई म्हनून. तुया उशाले बी इळा होता. वरडून काहून राहिली?"

घरातला विळा गंजलेला, शिवाय धारेचा. बाळाला लागेल म्हणून आईने मनोजला गुळगुळीत लोखंड आणायला सांगितलं होतं. भाजी विकून येताना भंगारवाल्याकडे त्याला अंगठ्याएवढा, चकचकीत, जड तुकडा मिळाला. कुठल्याशा बंद कारखान्यातल्या यंत्राचा. असला तुकडा म्हणजे बंद डबी असते आणि तिच्यात किरणोत्सर्गी पदार्थ भरलेला असतो, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार! मला ठाऊक होतं, आणि त्या क्षणी वाटलं, मी शिकलेच नसते तर बरं झालं असतं.

"कोनी हात लावू नका त्याले. लेकराले घे अन् बाहीर निंघ, दीपा. आत्ताच्या आत्ता."

खोलीला कुलूप घातलं. सगळ्यांना विहिरीपलीकडे, मळ्याच्या पार टोकाला नेलं. पोलिसांना फोन केला, मग आमच्या विभागप्रमुखांना. 

"लेकराले लावून पाय बरं मशीन," आई म्हणाली.

लावलं. कपाळ, छाती, पाय. मिनिटाला बावीस. मनोजने मोठा श्वास सोडला. आईने तिथेच हात जोडले.

"चूप झाली न? झालं तर मंग. सवा महिन्याच्या आत लेकराले दवाखान्यात कायले न्यायचं?"

मला तिचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. यंत्र गप्प होतं, कारण तो तुकडा आता लांब होता. इतक्या दिवसांत बाळाच्या अंगात जे काही झालं असेल, ते यंत्राला कळत नाही. मी हे जसंच्या तसं सांगून टाकलं.  मनोज आपला उजवा हात उलटसुलट करून बघू लागला.

"गाडी काढ," मी त्याला म्हणाले. "लेकराचं रक्त तपासा लागते. आजच."

आईने या वेळी अडवलं नाही. दीपमाला उठली, पण पाऊल उचलेना. बाळाच्या कानामागे लालसर चट्टा होता. उष्णतेचा समजून ती त्याला खोबरेल तेल लावत होती.

"ताई," ती म्हणाली, "हा झोपीत मान वळवे न, तसा मी तो तुकडा त्याच्या डोक्याखाली सरकवत होती. रोज. याच्यापासून दूर नाई जावा म्हनून."