नववा नियम

गोविंदरावांनी अध्यक्षांची खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि शेजारच्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. सहा महिने हे असंच चाललं होतं. नामदेवराव गेल्यापासून बरकतपुऱ्यातल्या या मराठी ग्रंथालयाचा कारभार उपाध्यक्ष म्हणून तेच पाहत होते, पण त्या खुर्चीला त्यांनी एकदाही पाठ टेकवली नव्हती.

एकोणसत्तर साली देशाचे राष्ट्रपती पदावर असताना वारले. उपराष्ट्रपतींनी काम पाहिलं, मग त्यांनीही राजीनामा दिला आणि सरन्यायाधीशांना राष्ट्रपतिभवन सांभाळावं लागलं. ग्रंथालय निघालं ते त्याच वर्षी. नामदेवराव तेव्हा नवे वकील, उत्साह नुसता उतू जात होता. त्यांनी दिल्लीचेच नियम उतरवून काढले. अध्यक्षाची जागा रिकामी झाली तर उपाध्यक्ष काम पाहील, त्यानं सहा महिन्यांत निवडणूक बोलवावी, निवडून येईल त्याला पूर्ण पाच वर्षं. आणि नववा नियम: उपाध्यक्षही नसेल, तर सरन्यायाधीश काम पाहतील.

गोविंदराव नागरिकशास्त्राचे मास्तर.

"नक्कल करायलासुद्धा अक्कल लागते, नाम्या!" त्यांनी चारचौघांत सुनावलं होतं.

दर वार्षिक सभेत ते नवव्या नियमाची दुरुस्ती मांडत. नामदेवराव मान न उचलता म्हणत, "पुढच्या वर्षी बघू." पंचावन्न वर्षं हे बघणं चाललं होतं.

उद्या सहा महिने भरत होते. उद्याच्या सभेत सगळे आपल्यालाच बिनविरोध निवडणार, हे गोविंदरावांच्या कानावर आलं होतं. नाम्याच्या जागी आपण, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. त्यांनी खिशातून राजीनामा काढून चिटणीस ऋचासमोर ठेवला. ही पोरगी दिवसभर हायटेक सिटीत नोकरी करून संध्याकाळी इथं यायची.

"मी पुण्याला मुलाकडे चाललो. निवडणूक तुम्ही उरका."

"काका, नक्को ना असं! निवडणूक बोलवायची तर उपाध्यक्षच पाहिजे. तुम्ही गेलात तर..." नियमांच्या पुस्तिकेत अक्षरांखाली बोट फिरवत तिनं वाचलं, "सर... न्याया... धीश." तिला हसू फुटलं आणि लगेच विरलंही. "ते थोडेच येणारेत? कुलूपच लागेल इथं."

"ती चूक आहे. नामदेवची."

"हौ, चूकच," खिडकीशी बसलेल्या नामदेवरावांच्या पत्नी इंदुमतीबाई म्हणाल्या. नवऱ्यानं घरी नेलेली पुस्तकं परत करायला त्या आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला. "भाऊजी, ह्यांचं कपाट आवरताना सापडला. वाचा."

नियमांचा पहिला कच्चा मसुदा होता तो. नवव्या नियमाशेजारी समासात नामदेवरावांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'चूक ठाऊक आहे. दुरुस्त करू नये. गोविंदाला पुण्याच्या शाळेचं बोलावणं आलं आहे.'

गोविंदरावांनी कागद उजेडाकडे धरून पुन्हा वाचला. त्या वर्षी पुण्याला निघताना ते निरोप घ्यायला गेले होते, तेव्हा आबिड्सच्या हॉटेलात चहा पिताना नाम्यानं हाच नियम पुढे केला होता, अगदी गंभीर तोंडानं.

"खुशाल जा. फक्त आधी, उद्या मी मेलो तर काम पाहायला, दिल्लीहून सरन्यायाधीशांना बोलावून दे."

दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते. नियम दुरुस्त होईपर्यंत थांबतो, आठ दिवसांत जातो, असं गोविंदराव म्हणाले होते. मग इथली शाळा सुरू झाली, लग्न झालं, मुलं झाली, आणि जायचं राहूनच गेलं. आपल्या मास्तरकीपुढे वकील हरला, असं समजून ते आयुष्यभर मिरवत राहिले होते.

त्यांनी चष्मा पुसला. मग राजीनाम्याची घडी घालून तो खिशात ठेवला आणि कागद इंदुमतीबाईंना परत न देता आपल्या पुस्तकात ठेवला.

ऋचानं सभेची विषयपत्रिका पुढे ओढली. मग हळूच विचारलं, "काका, उद्याच्या विषयांत तुमची ती दुरुस्ती आहेच. काय लिहू?"

गोविंदराव उठले. भिंतीकडची खुर्ची ओढून त्यांनी टेबलाशी आणली आणि तिच्यात बसून समोरची वही उघडली.

"पुढच्या वर्षी बघू," ते मान न उचलता म्हणाले.