चार माणसं कमी

वॉर्डसभेला शंभर मतदार लागतात आणि अंगणवाडीत शहाण्णवच जमले होते. साडेतीनपर्यंत आकडा भरला नाही तर सभा रद्द, आणि कालव्यावरचा पूल यंदाही पंचायतीच्या कामांच्या यादीबाहेर! सध्या तिथं माडाची दोन खोडं टाकलेली. त्यांवरूनच घसरून जिन्सीच्या अम्मेचा हात मोडला होता.

"सुलेखाचेची, दहाच मिनिटं थांबा!" दहावीतली जिन्सी मेंबरबाईंना म्हणाली. "चार कशाला, चौदा आणते!"

समोरच दिवाकरनचेट्टांचं चहाचं दुकान. तिथं एकच पेपर पानं सुटी करून सात जणांच्या हातात, आणि सातही तोंडं चालू.

"चला ना! सभेला चार माणसं कमी पडताहेत!"

"येतो गं पोरी," वर्की अच्चायन म्हणाले. "आधी ह्या गोपीमास्तरांना सांग, अमेरिकेचा अध्यक्ष लोक थेट निवडतात का?"

"थेटच निवडतात!" मास्तर कडाडले.

जिन्सीला राहवतंय होय! "चूक! मास्तर, तुम्ही शाळेत शिकवत होतात ना?"

झालं. ती बाकावर चढली. बरणीतली बिस्किटं मांडून तिनं राज्यं केली, प्रतिनिधी केले, जास्त मतं मिळूनही माणूस हरतो कसा तेही दाखवलं. दुकानात टाळ्या! "पोरगी कसली, वकील आहे वकील!" म्हणत चेट्टांनी गरम केळाभजी फुकट दिली. तीही तिनं तिथंच उभ्यानं खाल्ली.

मग सगळे कमरेचे मुंडू दुमडत, भांडत, एकदाचे रस्ता ओलांडून आले. सुलेखाचेची कुलूप लावत होत्या.

"चार वाजायला आले गं. पावणेचारपर्यंत धरून ठेवलं मी लोकांना. सोमवारी यादी जाते."

"चेची, हे बघा, सात जण!"

"आता सातांचं काय करू?"

"बघा, बघा!" वर्की अच्चायन उसळले. "ही असली पंचायत! लोकांना कधी विचारतात का?"

"पण अच्चायन, मुळात आपला वॉर्ड कोणता?" गोपीमास्तर म्हणाले. "चार की पाच?"

"पाच!"

"हॅट! नव्या रचनेत चार!"

"पोरी, तू सांग."

सातही चेहरे कौतुकानं तिच्याकडे वळले. जिन्सीला उत्तर पाठ होतं.

"पुढच्या सभेला या, मग सांगते," ती कशीबशी म्हणाली आणि रडू फुटायच्या आत पळत सुटली.