खड्ड्यात आडवी झालेली ओनोरीन

कुग्री तापसोबा मेला आणि दोन दिवसांत भलताच सज्जन झाला. हे सज्जनपण त्याच्या मुलाने, बार्नाबेने, वागादुगूहून टेम्पोत घालून आणलं होतं: शंभर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक कर्णा, बापाचा फोटो छापलेलं कापड आणि चार पानी फ्रेंच भाषण. राजधानीतल्या कुठल्याशा कचेरीत तो उपसंचालक होता. त्याचे साहेब पहिल्या रांगेत काळा चष्मा लावून बसले होते. बुटांवर धूळ बसली की ते फडक्याने पुसत होते, आणि वाळवंटाकडून वारा सुटलेल्या दिवसांत म्हणजे मग दुसरं कामच उरत नाही.

ओनोरीन तोए मागे झाडाखाली उभी राहून भाषण ऐकत होती.

"माझे वडील मितभाषी होते."

मितभाषी! ओनोरीन पचकन थुंकली. चाळीस वर्षं हा मितभाषी माणूस रोज सकाळी तिच्या दारूच्या छपराशी येऊन बोंबलायचा, "ए गुलामांच्या पोरी, कुत्र्याची मुंडी चघळून झाली असेल तर माझं भोपळ्याचं भांडं भर!" ती सामो, तो मोसी. या दोन जमातींनी एकमेकांना गुलाम म्हणायचं, चोर म्हणायचं आणि रागवायचं नाही, हे पणज्याच्या पणज्यापासून चालत आलेलं. मेल्यावरही सुटका नाही. मोसी म्हातारा गेला की सामोने त्याची टोपी घालून नक्कल करायची, त्याच्या खड्ड्यात आडवं व्हायचं, आणि घरच्याने शिव्या हासडून बाहेर काढायचं. मगच प्रेत खाली उतरतं. नाहीतर माणूस परक्यासारखा मातीत जातो.

"ते अत्यंत उदार होते," कर्णा म्हणाला.

उदार! गाढवाला पाणी पाजलं तरी आठवडाभर बोलून दाखवणारा! बार्नाबेला बाप ठाऊक नव्हता, की साहेबांपुढे त्याची लाज वाटत होती, कोण जाणे. ओनोरीनला दोन्हींची सारखीच किळस आली.

सकाळीच ती टोपी मागायला गेली होती. तेव्हा हा म्हणाला, "मॅडम, हे गावठी सोंग आज नको. मोठी माणसं येणार आहेत." मॅडम! ज्याच्या नाकाचा शेंबूड हिने पदराने पुसला तो! टोपी शेवटी कुग्रीच्या बायकोनेच मागच्या दाराने दिली. "कर तू," ती म्हणाली, "नाहीतर मला तो गेल्यासारखा वाटणारच नाही."

भाषण संपलं तशी ओनोरीन टोपी कानावर ओढून पुढे झाली. कुग्रीसारखा डावा पाय फरफटवत, अदृश्य गाढवाला आईबहिणीवरून शिव्या देत ती खुर्च्यांमधून निघाली. साहेबांपुढे थांबून कुग्रीच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काल तू पाणी प्यालास ना माझ्या विहिरीचं? सरळ परत कर!" गाव फसकन हसलं. विधवा तर डोळे पुसत पुसत हसली. ओनोरीन तशीच खड्ड्यात उतरली आणि हातपाय ताणून पडली.

"मेले मी! कोण काढतो ते बघते!"

बार्नाबे काठाशी आला. "मॅडम, कृपा करून बाहेर या."

"ऐकू येत नाही. मेलेय."

त्याने खिशातून पाकीट काढलं.

"पाकीट तुझ्या साहेबाला दे, मेल्या. मला शिवी दे!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बार्नाबेचा संयम सुटला. "तुम्ही आमच्या कोण लागता? कोणी नाही! बाहेरच्या बाई आहात तुम्ही!"

हसू जागच्या जागी थिजलं. गुलाम, चोर, कुत्रेखाऊ, काहीही चाललं असतं. एवढं सोडून.

ओनोरीन हातावर जोर देत स्वतःच वर आली. कोणी हात द्यायला सरसावलं, तिने झिडकारलं. टोपी विधवेच्या मांडीवर ठेवून ती घराकडे चालू लागली. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा संताप आला. मागे खड्डा खणणाऱ्या तिघांनी फावडी खाली टाकली आणि ते सावलीत जाऊन बसले.

"काय झालं?" बार्नाबेने विचारलं.

"काही नाही," त्यातला थोरला म्हणाला. "आम्ही पण बाहेरचेच."

साहेब गेले. खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. प्रेत उन्हात.

ओनोरीन हंड्यातली दारूची उकळती ज्वारी ढवळत होती तेव्हा छपराशी बूट वाजले. धुळीने पार लाल झालेले. तिने मान वर केली नाही.

"मॅडम..." म्हणून बार्नाबे अडखळला. मग, ज्या भाषेत तो कित्येक वर्षं बोलला नव्हता त्या गावच्या भाषेत, लाज वाटत, धडपडत म्हणाला, "ऊठ गं, गुलामांच्या पोरी. तुझा मालक उन्हात वाळतोय, आणि तू इथे... इथे कुत्र्याची मुंडी शिजवत बसलीस."

शिवी पार लेचीपेची होती. कुग्रीने ऐकली असती तर कपाळ बडवून घेतलं असतं.

ओनोरीनने पळी हंड्यावर आडवी ठेवली आणि पदराने तोंड पुसलं.

"मालक म्हणे! चोराच्या पोटचा चोर तू," ती उठत म्हणाली. "चल. पण तिथे गेल्यावर हेच जोरात म्हणायचं. त्याला ऐकू गेलं पाहिजे."