बाबाच्या चपला

आमच्या लामता गावात माह्या ताईचं लगन होतं. नवरदेवाचा दोस्त म्हणून मलाजखंडचा इंजिनिअर कुशल आलता. पंगतीत बसून म्हणे, "गाव की लडकियों को बात करना भी नहीं आता."

मले, या श्रद्धाले, असा राग आला! साळ्यांनी, नवरीच्या बहिणींनी, नवरदेवाचे जोडे लपवायची आमच्याकडे रीत आहे. मी नवरदेवाले सोडलं अन् याचेच जोडे धानाच्या कोठीत खुपसले. मंग गडबडीत मीच विसरून गेली. बिचारा बाबाच्या चपला घालून मलाजखंडले गेला.

रविवारी तो चपला वापस द्याले आला. तोवर मी त्याचे जोडे पुसून दारात ठेवलते. चहा देताना मी विचारलं, "अब बात करना आया क्या हमको?"

तो कानापर्यंत लाल झाला, अन् जाताना चुकून बाबाच्याच चपला घालून गेला.

पुढच्या रविवारी पुन्हा आला, पुन्हा तसाच चुकला. जोडे आमच्याच दारात.

बाबा अनवाणी आंगणात उभे राहून ओरडले, "अवं श्रद्धाची माय, या पोट्ट्याले एकदाचा जावई करून टाक! नाहीतर माह्या चपला काही घरी राहात नाहीत!"