स्कूटरच्या डिक्कीत सुरेखा

सुरेखा गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी तिला स्कूटरच्या डिक्कीत ठेवलं. ऐकायला वाईट वाटतं, पण जे झालं ते नियमानंच झालं.

नियम मिरजेच्या अक्काचा. अक्का माझी थोरली बहीण, आणि फोनवर ती आणखीनच थोरली होते. "अस्थी घरात आणायच्या नाहीत, चंदू. बाहेर झाडाला टांग." आता आमचं घर म्हणजे चंदीगडमधलं सरकारी क्वार्टर, दुसरा मजला. खाली झाड आहे, पण त्या झाडाला नंबर आहे. इथं सेक्टरला नंबर, घराला नंबर, तसा झाडालाही. त्याला काही टांगायचं तर वरून परवानगी लागते, असं चौकीदार म्हणाला. खरंच लागते की तो नुसता घाबरला होता, ते मी विचारलं नाही. त्या दिवसांत मला काही विचारावंसं वाटत नव्हतं. भूक नाही, झोप नाही, रडूही नाही. दात काढताना इंजेक्शन देतात ना, मग गाल आपला असतो पण आपला नसतो, तसा मी सगळाच झालो होतो.

घर नाही, झाड नाही, मग उरली डिक्की. डिक्की घरात मोडत नाही, तिला कुलूप लागतं आणि आत पाऊस येत नाही. मला ते शहाणपणाचं वाटलं.

लगेच विसर्जन करता येत नव्हतं ते निधीमुळं. निधी आमची मुलगी, टोरांटोला असते. कसल्याशा कागदांच्या भानगडीत तिला आठवडाभर निघताच आलं नाही. आईचं अंत्यदर्शन तिनं माझ्या मित्राच्या, गुरुनाथच्या फोनवर घेतलं, आणि त्यातही ऐन वेळी नेटवर्क गेलं आणि तिला बराच वेळ गुरुनाथचा अंगठा दिसत राहिला. "बाबा, मैं आ रही हूं," ती म्हणाली. "तब तक आई को कहीं मत ले जाना. मुझे एक बार हाथ में लेना है." निधीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. आई आणि बाबा तेवढे मराठीत राहिलेत.

तर आई जेवढी उरली होती तेवढी जपायची आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला विमानतळावर निधीच्या हातात द्यायची. मला एवढं एकच काम होतं.

गुरुवारी सकाळी मी तिलाच हरवून बसलो.

याला जबाबदार पुस्तक. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाचं वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट. ज्याची बदली इतक्यात होणार नसते त्याच्या घरी ते ठेवतात. चार वर्षं ते आमच्या पॅसेजमध्ये आहे. वरच्या कप्प्यांत वैचारिक पुस्तकं, जोडलेली पानं अजून न कापलेली. खालच्या कप्प्यात विनोदी गुन्हेगारी कादंबऱ्या, सगळ्या आमटी सांडलेल्या. आमटी सुरेखाची. ती जेवताना वाचायची. त्या कादंबऱ्यांमध्ये वामन नावाचा एक भुरटा असतो. तो मिक्सर चोरायला जातो आणि मढं घेऊन येतो. मग पुढं दोनशे पानं ते मढं कुठं ठेवायचं यावरच.

"मेलेल्या माणसावर हसतेस कशी गं तू?" मी तिला विचारायचो.

"मेलेल्यावर कोण हसतंय?" ती म्हणायची. "मी जिवंतांवर हसते. बिचाऱ्यांना काही सुचत नाही ना."

सुतकात टीव्ही लावायचा नाही म्हणून मी त्यातलं एक पुस्तक काढलं. 'मढं घ्या, पत्ता सांगा.' हसू आलं नाही, पण खालीही ठेववेना. मग दुसरं. तिसऱ्या पुस्तकात मला कळलं की हे असं का होतंय. गंभीर रहस्यकथेत मढं सापडतं आणि एका हुशार माणसाला सगळं समजतं. मी तसा माणूस आयुष्यात पाहिलेला नाही. या पुस्तकांत मढं सापडतं आणि कुणालाच काही समजत नाही. गालिच्यात गुंडाळू का, लिफ्टमध्ये उभं करू का, वॉचमन विचारेल त्याला काय सांगू. हे मला ओळखीचं होतं. हॉस्पिटलमध्ये मला तीनदा विचारलं, "अंकल, बॉडी कैसे लेके जाओगे?" मला उत्तर येईना. मग कुणाला तरी विचारावं म्हणून मी मागं वळलो. असल्या गोष्टी मी तिलाच विचारत आलो होतो.

तर गुरुवार. निधी येणार म्हणून मी मार्केटमध्ये दूध आणायला गेलो. दोन पिशव्या घेतल्या, डिक्की उघडली, आत डबा. अस्थींच्या शेजारी दूध ठेवणं बरं दिसेना, म्हणून डिक्की लावली आणि पिशव्या हातातच ठेवल्या. किल्ली कुलपातच राहिली. शेजारी बसायला छान कट्टा होता. वामन तेव्हा मढ्याला गॉगल लावून लग्नाच्या पंगतीत बसवत होता, प्रकरणाची चारच पानं उरली होती. मी बसलो आणि वाचली. वर पाहिलं तर स्कूटर नव्हती. दूध होतं.

मी गुरुनाथला फोन केला. गुरुनाथ पाटणकर मंडळाचा सेक्रेटरी, डेराबस्सीला औषधाच्या कारखान्यात असतो. शिफ्ट सोडून आला बिचारा. आम्ही चौकीत गेलो. हेड कॉन्स्टेबल बलकारसिंग भला माणूस. त्यानं नंबर लिहिला, रंग लिहिला.

"डिक्की में कुछ था?"

"मिसेस," मी म्हणालो.

बलकारसिंगनं पेन खाली ठेवलं.

"अस्थियां जी, अस्थियां," गुरुनाथ घाईघाईनं म्हणाला. "इनकी वाइफ एक्सपायर हो गई हैं. वो डिक्की में रहती हैं."

"रखी थीं," मी म्हणालो.

बलकारसिंग उठून उभा राहिला, हात जोडले, परत बसला. "किस चीज में रखी थीं?"

"स्टीलच्या डब्यात. स्टील का डब्बा. लाल कपडा."

"कोई पहचान?"

याचं उत्तर मला येत होतं, म्हणून बरं वाटलं. आमच्या लोकांत भांड्यावर नाव घालतात. भांडं कुठंही गेलं तरी घरी परत यावं म्हणून. "नाव कोरलेलं आहे," मी म्हणालो. "सुरेखा देवस्थळी." त्यानं तसं लिहून घेतलं. संपर्कासाठी गुरुनाथनं आपल्या घरचा नंबर दिला, कारण मी आता फोन उचलण्याच्या लायकीचा नाही, असं त्यानं माझ्यादेखत बलकारसिंगला सांगितलं.

बाहेर आल्यावर गुरुनाथ म्हणाला, "निधीला काय सांगायचं?"

"हरवली म्हणून सांगायचं."

"अरे, असं कसं? आई हरवली?"

"मग काय सांगू?"

गुरुनाथ म्हणाला, "चुलीतली राख..." आणि स्वतःच थांबला. "नाही नाही. शिवाय आपल्याकडं गॅस आहे."

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडंच जेवायला होतो. दीड वाजता फोन वाजला, तो मधुरिमावहिनींनी उचलला. मधुरिमावहिनी म्हणजे गुरुनाथची बायको. त्यांनी स्पीकरवर टाकला.

"मधुरिमा जी के घर से बोल रहे हो?"

"हां जी."

"पिंजौर चौकी से बोल रहा हूं जी. उनकी अस्थियां मिल गई हैं. आ के ले जाओ."

"किसकी?"

"मधुरिमा जी की. डब्बे पे लिखा है. मधुरिमा गुरुनाथ पाटणकर."

"अहो, मैं ही मधुरिमा बोल रही हूं."

फोन कट झाला.

वहिनी माझ्याकडं वळल्या. "भाऊजी, माझा पोह्यांचा डबा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सुतकात आपल्या घरी चूल पेटत नाही, मंडळातले लोक आपापल्या डब्यांतून जेवण पाठवतात. ओट्यावर सगळ्यांचे डबे ओळीनं धुऊन ठेवलेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी स्मशानात न्यायला मी त्यातला पहिला उचलला. नाव वाचलं नाही.

"सॉरी, वहिनी."

"असू दे हो. आधी जेवा."

जेवून आम्ही तिघंही गुरुनाथच्या गाडीतून शहराबाहेर पिंजौरला गेलो. चौकीच्या आवारात माझी स्कूटर उभी होती. मेन स्टँडवर, सरळ, मी आयुष्यात कधी लावली नाही इतकी सरळ. ती बसस्टँडजवळच्या देवळासमोर सापडली म्हणे. डिक्कीतल्या डब्याला झेंडूचा हार घातलेला होता आणि खाली चिठ्ठी होती, 'माता जी माफ करना.' स्कूटर सुरू करून पाहिली तर टाकी फुल. चोरून नेली तेव्हा काटा लालमध्ये होता. असा चोर पुस्तकात भेटला असता तर मी सुरेखाला म्हणालो असतो, काहीतरीच लिहितात.

पण डबा मिळेना. तिथला पोलीस तरुण होता, आणि फोन त्यानंच केला होता. तो वहिनींकडं बघायचं टाळत होता.

"कंप्लेंट सुरेखा जी की है," तो म्हणाला. "ये तो मधुरिमा जी हैं."

"डब्बा मेरी वाइफ का है," गुरुनाथ म्हणाला. "अस्थियां इनकी वाइफ की हैं."

"तो आपकी वाइफ कहां है?"

"ये क्या, खडी है."

"नमस्ते," वहिनी म्हणाल्या.

तो एक पाऊल मागं सरला. "देखो जी, मैं झूठी बात नहीं लिख सकता. जिसका नाम डब्बे पे है, माल उसी को मिलेगा. वो साइन करे."

"करते की," वहिनी म्हणाल्या. "द्या इकडं पेन."

कागदावर लिहिलं होतं, 'स्वर्गीय मधुरिमा पाटणकर की अस्थियां सही-सलामत प्राप्त कीं.' खाली वहिनींनी सही केली. मग जरा विचार करून 'स्वर्गीय' खोडलं आणि त्याच्यावर परत छोटी सही केली. वहिनी शाळेत शिकवायच्या.

"अंकल जी, आप खोल के पहचान लो," तो पोलीस मला म्हणाला.

मी झाकण काढलं. आत होतं ते होतं. पांढरं, थोडं करडं. मला वाटलं होतं, निदान आता तरी काहीतरी होईल. गुरुनाथनं तर माझ्या पाठीवर हात ठेवून तयारी केली होती. पण मी बघत राहिलो आणि मला फक्त एवढंच वाटलं की डब्याच्या कडेला पोह्याचा एक दाणा चिकटलेला आहे.

"पहचान लिया?"

"हां जी."

बाहेर आलो तेव्हा सव्वाचार. साडेपाचचं विमान, आणि विमानतळ पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. स्कूटर तर न्यायचीच होती, मग मी घरी न जाता तिच्यावरूनच परस्पर तिकडं जायचं ठरवलं.

"निधीला यातलं काही सांगायचं नाही," गुरुनाथ म्हणाला. "आम्ही मेलो तरी बोलणार नाही."

"मी तर आज मेलेच आहे," वहिनी म्हणाल्या. मग डबा त्यांनी स्वतः माझ्या पायांमध्ये नीट ठेवला, हार सरळ केला. "आणि भाऊजी, हा डबा आता परत नका करू."

विमानतळावर पोचलो तर निधी बाहेर येऊन उभी होती. शेजारी एक अजस्र बॅग. तिनं मला मिठी मारली, पण मी स्कूटरवर बसूनच होतो आणि पायांत डबा, त्यामुळं ती मिठी हेल्मेटलाच बसली.

"बाबा, आप स्कूटर पे आए हो? ये बॅग कैसे जाएगी?"

"बघू."

मग तिला डबा दिसला. तिनं तो उचलला आणि छातीशी धरला. काम झालं होतं. मला वाटलं होतं तसं सुटल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही.

"हार किसने डाला?" तिनं विचारलं.

मी घातला, म्हणायचं. एवढंच तर म्हणायचं होतं.

"चोरानं," मी म्हणालो.

आणि मग थांबता येईना. कट्टा, चार पानं, बलकारसिंग, पिंजौर, चिठ्ठी, टाकी, सगळं सांगितलं. मागून गाड्या हॉर्न देत होत्या. निधी माझ्याकडं बघत होती, सुरेखासारखीच, एक भुवई वर.

"आप पढ रहे थे," ती म्हणाली. "आई डिक्की में थी और आप पढ रहे थे."

"हो."

"आई वाली किताब?"

"हो."

तिनं डबा फिरवून नाव वाचलं. तिला मराठी अक्षरं लावून लावून वाचावी लागतात. "म... धु... ये तो मधुरिमा काकू का है. आई को चलेगा?"

"चालेल," मी म्हणालो. "आईनं त्यांच्या दोन वाट्या आणि एक झारा गेल्या दिवाळीपासून ठेवून घेतलाय."

निधीच्या तोंडून एक आवाज आला. सुरू झाला तेव्हा तो हसणंच होतं, याबद्दल मला खात्री आहे. मग तिनं कपाळ झाकणावर टेकवलं आणि तो तसाच चालू राहिला. झेंडूच्या पाकळ्या खाली पडत होत्या. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझा हात तिथं आहे हे मला दिसत होतं.

शिटी वाजवत एक गार्ड आला. "अंकल जी, गड्डी अग्गे करो, इत्थे खडी नहीं करनी."

"हां जी," मी म्हणालो, आणि तिथंच बसून राहिलो.